रात्र कोणासाठी जागवायची? तारकर्लीवरील टिपणाला उत्तर आणि त्यावरील वाद

खाडीकाठ (तारकर्ली)

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका गृहस्थांनी लिहिलेले टिपण मी तीनदा वाचले आणि तिसऱ्या वाचनानंतर राग आवरेना, म्हणून हे उत्तर लिहिते आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की तारकर्लीचा समुद्र स्वच्छ आहे, मासे ताजे आहेत, पण सूर्य बुडाला की गाव ‘मेलेले’ असते. साडेआठला जेवण, साडेनऊला अंधार. संगीत नाही, नाच नाही, वाळूत बसून एखादा पेला घ्यावा म्हटले तर तीही सोय नाही. पर्यटन जिल्हा म्हणवून घेता, तर बागा-कळंगुटसारखी एक तरी गल्ली उभी करा, नाहीतर तरुण मंडळी पुढच्या वेळी सरळ गोव्याला जातील, असा त्यांचा शेवटचा इशारा आहे.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला हे खरे, परंतु त्या घोषणेत गावाने आपली झोप विकली असे कुठेही लिहिलेले नव्हते. मी चौदा वर्षे निवास-न्याहारी चालवते. माझ्या घराच्या चार खोल्या पाहुण्यांच्या आहेत आणि उरलेल्या दोन खोल्यांत सासूबाई, दोन शाळकरी मुले आणि पहाटे चारला होडीवर जाणारा माझा नवरा राहतो. ज्यांना हे गाव मेलेले वाटले, त्यांच्या ताटातला सुरमईचा तुकडा पहाटे चारला उठणाऱ्या माणसाने आणलेला होता, आणि पहाटे चारला उठायचे असेल तर माणूस साडेनऊला निजतो.

ही जागा कशी आहे तेही सांगते, कारण नकाशा पाहिल्याशिवाय हा वाद समजत नाही. तारकर्लीपासून देवबागच्या टोकापर्यंत एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आहे. समुद्राच्या बाजूला कोणी ध्वनिक्षेपक लावला, तर खाडीच्या बाजूच्या घरातले भांडे मांडणीवर थरथरते. काही वर्षांपूर्वी ३१ डिसेंबरला आठ जणांची एक टोळी माझ्याकडे उतरली होती आणि त्यांनी गाडीतून कपाटाएवढा स्पीकर आणला होता. शेजारच्या घरात एक वृद्ध गृहस्थ शेवटच्या घटका मोजत होते. मी हात जोडून सांगितले, तेव्हा त्यांतल्या एकाने ‘आम्ही पैसे दिले आहेत’ असे उत्तर दिले. मी त्याच रात्री त्यांचे सगळे पैसे परत केले आणि सकाळी खोल्या रिकाम्या करून घेतल्या. शेजारचे काका दोन तारखेला गेले. ती रात्र त्यांना त्या धडधडीत काढावी लागली, याची बोच मला अजून आहे.

दांडी (मालवण)

ताई, तुमच्या शेजाऱ्यांबद्दल जे घडले ते वाईटच होते, आणि त्या आठ जणांची बाजू मी घेणार नाही. पण तुमच्या लिखाणात माझ्यासारख्या मुलांचा उल्लेख कुठेच नाही. मी दांडीचा आहे, चोवीस वर्षांचा आहे आणि तीन वर्षे बाग्याला एका रेस्टॉरंटमध्ये रात्रपाळी करतो. सोमवारी सुट्टी असते, तेव्हा अडीच तास मोटरसायकल चालवून घरी येतो. ज्या गोव्याच्या रात्रीला तुम्ही नावे ठेवता, तिच्यावर सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला आणि मालवण इथली किती घरे चालतात ते एकदा गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर उभे राहून पाहा. आपली मुले दुसऱ्याच्या किनाऱ्यावर टेबले पुसतात, आणि आपल्या किनाऱ्यावर टेबल मांडायचे म्हटले की संस्कृती आडवी येते.

राज्याने २०२० साली किनाऱ्यावरील शॅकचे, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या उपाहारगृहांचे धोरण आणले. प्रायोगिक म्हणून आठ किनारे निवडले, त्यांत आपल्या जिल्ह्यातले कुणकेश्वर आणि तारकर्ली होते. स्थानिकांना प्राधान्य, तात्पुरते बांधकाम, सगळे कागदावर नीट होते. आणि वेळ कोणती दिली, तर सकाळी सात ते संध्याकाळी सात. मार्च महिन्यात सूर्य बुडून जेमतेम काळोख पडतो न पडतो तोच शॅक बंद करायची. जगात कोणता माणूस भर उन्हात वाळूवर बसून जेवतो? हे धोरण ज्यांनी लिहिले, त्यांनी संध्याकाळी किनाऱ्यावर पाऊल ठेवले होते का, हा माझा प्रश्न आहे.

आणखी एक. रात्री किनाऱ्यावर कोणी पीत नाही असे तुम्हाला वाटते का? इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोव्याची दारू पकडल्याच्या बातम्या वरचेवर येतात, म्हणजे न पकडलेली कुठेतरी पोहोचतेच. ती सुरूच्या बनात काळोखात प्यायली जाते आणि बाटल्या वाळूत फोडल्या जातात. उजेडात, परवाना असलेल्या जागी, माझ्यासारख्या ओळखीच्या पोराच्या देखरेखीखाली ती घेतली गेली, तर निदान काचा तरी तुमच्या मुलांच्या पायात जाणार नाहीत.

मुळा-मुठा (पुणे)

वादाला कारण झालेले टिपण माझे आहे. ‘मेलेले’ हा शब्द मी मागे घेतो, कारण तो ज्या घराबद्दल वापरला तिथल्या माणसांनी आमचे चांगलेच आदरातिथ्य केले होते. मूळ मुद्दा मात्र मागे घेत नाही. संध्याकाळी सात ते रात्री अकरा या चार तासांत पाहुण्याने करायचे काय, याचे उत्तर खाडीकाठ यांच्या एवढ्या लांब लेखात मला सापडले नाही. मी मध्यरात्री दोनपर्यंत नाच मागितलेला नाही. स्कूबा, किल्ला, डॉल्फिन हे सारे दुपारी संपते. मुंबईत दुकाने आणि उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्याची मुभा देणारे धोरण २०२० च्या जानेवारीत आले. ज्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने ते शक्य झाले, तो मालवणलाही लागू आहे. मग अडचण कायद्याची आहे की इच्छेची?

बार्देसकार (म्हापसा)

मालवणच्या मंडळींना शेजारी या नात्याने सांगतो की आमच्या गल्लीचा हेवा करण्यापूर्वी तिथे महिनाभर राहून पाहावे. माझे आजोळ हणजुणेचे. लहानपणी मे महिन्यात आम्ही अंगणात झोपत असू. आज त्या घराच्या खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या आहेत आणि तरीही रात्री छातीत बेस वाजत असतो. तक्रार करायला फोन केला, तर पहिला प्रश्न ‘तुम्ही कोण’ असा येतो आणि दहा मिनिटे आवाज कमी होऊन पुन्हा वाढतो. आपल्याच गावात आपण तक्रारखोर ठरतो, ही भावना किती खोल जाते ते शब्दांत सांगता येत नाही.

कॅसिनोचे उदाहरण घ्या. आमच्याकडे १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा जुगार आला. १९९६ साली दुसरी दुरुस्ती होऊन तो जहाजांवर गेला. आज मांडवीच्या पात्रात ती जहाजे उभी आहेत, पणजीच्या रस्त्यांवर त्यांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या आहेत, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तिथे खेळायला बंदी आहे. बंदी योग्यच आहे असे माझे मत आहे. पण विचार करा, ज्या मनोरंजनापासून सरकारलाच आपल्या माणसांना वाचवावेसे वाटते, ते मनोरंजन आपल्या नदीत कशासाठी?

तुमच्या राज्याने त्याच १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अंमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द करून टाकला. त्याबद्दल मी महाराष्ट्राचे मनापासून अभिनंदन करतो.

आणि दांडी यांना एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. २०२५ च्या डिसेंबरात आमच्या गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली. पंचवीस माणसे गेली आणि त्यांतली बहुसंख्य तिथे काम करणारी मुले होती, कित्येक तर तळघरात अडकून गुदमरली. वाट एवढी अरुंद होती की अग्निशामक गाड्या दारापर्यंत पोहोचू शकल्या नाहीत. देवबागचा रस्ता त्याहून रुंद आहे का?

दांडी (मालवण)

त्या रात्री मी तिथून काही किलोमीटरवर कामावर होतो. माझ्या आईने पहाटेपर्यंत सतरा वेळा फोन केला, कारण तिला फक्त ‘बाग्याच्या जवळ’ एवढेच कळले होते. त्यामुळे त्या पंचवीस जणांची नावे वादात हत्यार म्हणून कोणी माझ्यावर उगारू नयेत. ती माझ्यासारखी मुले होती, लांबून आलेली. त्यांचा जीव संगीताने घेतला नाही. बाहेर पडायला वाट नव्हती आणि ज्यांनी ती पाहायला हवी होती त्यांनी पाहिली नाही, म्हणून ती गेली. उद्या मालवणात एखादी जागा सुरू झाली, तर तिला दोन रुंद दरवाजे आहेत की नाहीत हे पाहायला मी स्वतः उभा राहीन, कारण आत काम मीच करणार आहे.

देवबागच्या रस्त्याबद्दलचा तुमचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. तो रस्ता अरुंदच आहे.

पायपेटी (कुडाळ)

एवढी चर्चा वाचली आणि मन खिन्न झाले. कोकणात रात्रीची करमणूक नाही, हे गृहीत धरूनच सगळे भांडत आहेत. मी तीस वर्षे दशावतारी मंडळात पायपेटी, म्हणजे पायाने भाता चालवायची पेटी वाजवतो. कार्तिकी पौर्णिमेपासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत या जिल्ह्यात क्वचितच एखादी रात्र अशी जाते की कुठल्या ना कुठल्या देवळापुढे नाटक उभे नाही. पालखी फिरते, मग मध्यरात्रीच्या सुमारास गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी आणि संकासुराची बोलाचाली होते, नंतर आख्यान लागते ते उजाडेपर्यंत, आणि शेवटी दहीकाला फुटतो. लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरते आणि राजपार्टी (राजाची भूमिका करणारे) व स्त्रीपार्टी (स्त्रीभूमिका करणारे) नट समोरासमोर उभे राहून तिथल्या तिथे संवाद रचतात. बाबी कलिंगणांसारखा नट उभा राहिला की झोपलेली पोरे उठून बसत. आणि पुण्याच्या गृहस्थांना सात ते अकरा करायचे काय, हा प्रश्न पडतो!

पण खरे दुखणे वेगळे आहे. ही रात्र कोणी मारत असेल तर तो दहा वाजताचा नियम. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केला. राज्य सरकारला सवलत देता येते ती वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तीही बारापर्यंत. आमची जत्रा तिथीवर चालते आणि प्रत्येक गावाची तिथी वेगळी असते. जिल्ह्याने पंधरा दिवस ठरवले, त्यांत गणपती, नवरात्र, ३१ डिसेंबर असे मोठे दिवस आले, की सोनुर्लीची किंवा मोचेमाडची जत्रा त्यांत बसणार कशी? एका गावात आमचा प्रयोग साडेबाराला थांबवला गेला. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला होता. नट तोंडाला रंग फासलेला, मुकुट हातात, अर्धा तास देवळाच्या पायरीवर बसून राहिला आणि मग गाडीत चढला. देवापुढची सेवा अर्धवट टाकून परतण्याची वेळ माझ्या आयुष्यात त्या एकदाच आली. ३१ डिसेंबरला डीजे बारापर्यंत चालतो, आणि शेकडो वर्षांचा देवाचा खेळ गुन्हा ठरतो, हे मला कधीही पटणार नाही.

वायंगणी (वेंगुर्ला)

पायपेटी यांच्या भावनेचा आदर राखून एक दुरुस्ती सुचवते. नियम दशावताराविरुद्ध नाही, तो झोपेच्या बाजूने आहे. डीजेला जे माप तेच पखवाजाला असावे, नाहीतर उद्या प्रत्येक बारवाला आपली परंपरा सिद्ध करू लागेल.

माझा या चर्चेत येण्याचा हेतू वेगळा होता. आम्ही किनाऱ्यावर कासवांची घरटी राखतो. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूवर चढते. दिवे दिसले, माणसे दिसली, तर अंडी न घालता परत फिरते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात ती क्षितिजावरच्या उजळ बाजूकडे धावतात. निसर्गतः ती बाजू समुद्राची असते, हॉटेलच्या झगमगाटात ती माडाच्या बागेची होते. एका सकाळी मला सात पिल्ले कुंपणाच्या तारेपाशी वाळलेली सापडली, समुद्राच्या अगदी उलट दिशेला. त्या रात्री मागच्या बागेत एका लग्नाचे दिवे रात्रभर जळत होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाने २००६ पासून कासव महोत्सव भरवून दाखवला आहे. तिथे पाहुणे सकाळी उजाडताना आणि मावळतीला किनाऱ्यावर येतात, गावातल्या घरांत उतरतात, तिथेच जेवतात आणि रात्री निजतात. त्या गावाला कोणी मेलेले म्हणत नाही.

चाकरमानी (लालबाग)

पायपेटी काका, तुमचे वाचून डोळ्यांत पाणी आले, कारण माझे लहानपण मांडवातल्या त्या चटईवर गेले. पण मनात आलेले बोलूनच टाकतो. पूर्वी दशावताराला ध्वनिक्षेपक होता का? पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर नट हजार माणसांपर्यंत आवाज पोहोचवत असे. आता ट्रिकसीनयुक्त, म्हणजे रंगमंचावर चमत्काराची दृश्ये दाखवणारी नाटके आली, धूर आला, रंगीत दिवे आले, चारही कोपऱ्यांत भोंगे आले. मग नियमाला दोष का द्यायचा? भोंगे काढा, जुना दशावतार परत आणा, दहाचा नियम आपोआप गैरलागू होईल.

पायपेटी (कुडाळ)

मुंबईत बसून आम्हाला भोंगे काढायला सांगणे सोपे आहे. तुमच्या लहानपणी मांडवाशेजारून मोटारी जात नव्हत्या, पलीकडे पाळण्यांचे जनरेटर नव्हते आणि खाज्याच्या दुकानावर गाणी लागत नव्हती. त्या गोंगाटात विनाध्वनिक्षेपक बोलून माझ्या मंडळातल्या दोन नटांचे गळे कायमचे बसले आहेत. ट्रिकसीन आम्ही हौसेने आणले नाही. सुपारी देणारे गावच विचारते, ‘ट्रिकसीन आहे ना?’ नाही म्हटले तर तारीख दुसऱ्या मंडळाला जाते. ज्या चाकरमान्यांनी वर्षातून दोन दिवस येऊन मोबाइलवर चित्रण करायचे आणि बाकी वर्ष शुद्धतेचे धडे द्यायचे, त्यांनी निदान आमच्या पोटाचा विचार करून लिहावे.

वायंगणी (वेंगुर्ला)

आणि चाकरमानी यांचे कायद्याचे आकलनही अपुरे आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्री केवळ ध्वनिक्षेपकाला नव्हे, वाद्यांनाही उघड्यावर मनाई आहे. म्हणजे भोंगे काढले तरी मृदंगाचा प्रश्न उरतोच. सूट आहे ती बंदिस्त सभागृहांना. पायपेटी यांचे म्हणणे या एका मुद्द्यावर मला मान्य करावे लागते: नियम लिहिताना कोणाच्याही डोळ्यांसमोर जत्रा नव्हती.

चाकरमानी (लालबाग)

वाद्यांचे मला ठाऊक नव्हते, ती चूक पदरात घेतो. ‘वर्षातून दोन दिवस’ हे मात्र मनाला लागले. माझ्या वडिलांनी गिरणीच्या पगारातून गावच्या देवळाच्या मांडवाचे पत्रे घातले, आणि संप झाला त्या वर्षीसुद्धा त्यांनी जत्रेची वर्गणी चुकवली नाही. आम्ही गावाबाहेर राहतो म्हणून आमचा गावावर बोलण्याचा हक्क संपतो, असे काकांना म्हणायचे असेल तर त्यांनी ते स्पष्ट म्हणावे.

पायपेटी (कुडाळ)

हक्क संपत नाही. तुमच्या वडिलांसारख्या माणसांमुळेच मांडव उभे राहिले, हे मी कोणाहीपुढे सांगेन. पण पत्रे घालणाऱ्याचा मुलगा आज नाटक सुरू असताना अडीचला उठून जातो, तेव्हा समोर रिकामी चटई पाहून वाजवणे किती जड जाते, हेही त्याने ऐकून घ्यावे.

खाडीकाठ (तारकर्ली)

चर्चा दशावताराकडे वळली याचे मला वाईट वाटत नाही, कारण त्यातून मला माझेच म्हणणे अधिक स्पष्ट दिसू लागले. मी रात्रीच्या विरुद्ध कधीच नव्हते. माझ्या आईच्या पिढीतल्या बायकांना काळोख पडल्यावर घराबाहेर राहण्याची एकच जागा होती आणि ती म्हणजे जत्रा. गोधडी, पाण्याचा तांब्या आणि मांडीवर पोर घेऊन त्या पहाटेपर्यंत बसत, आणि कोणीही त्यांना ‘इतक्या रात्री कुठे होतीस’ असे विचारत नसे. डबलबारी, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या भजनाच्या रात्रीही तसेच. त्या रात्रीत म्हातारा होता, मूल होते, नवी सून होती. पुण्याच्या गृहस्थांनी मागितलेल्या गल्लीत यांतले कोण असेल? फक्त पाहुणा, आणि त्याला वाढणारा आमचा मुलगा. गावाला जिथे बसता येत नाही ती रात्र गावाने का सोसावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

दांडी (मालवण)

ताई, बायकांचा विषय तुम्ही काढलात म्हणून सांगतो. माझी बहीण गेल्या डिसेंबरात बाग्याला आली होती. रात्री साडेबाराला माझे काम सुटेपर्यंत ती एकटी, समुद्राकडे तोंड करून, कॉफी घेऊन बसली होती. आजूबाजूला कुटुंबे होती, म्हाताऱ्या विदेशी बाया होत्या. ती म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदाच रात्रीचा समुद्र स्वस्थपणे पाहिला. आमचे घर समुद्रापासून दोनशे पावलांवर आहे. तरी मालवणात तिला रात्री नऊनंतर किनाऱ्यावर एकटीने बसता येत नाही, कारण तिथे दिवा नाही, दुकान नाही आणि सुरूच्या बनात कोण आहे ते ठाऊक नाही. जत्रा वर्षातून एकदा. बाकीच्या ३६४ रात्री तिने काय करावे? तुमच्या आईच्या पिढीला एक रात्र मिळत होती म्हणून माझ्या बहिणीने एका रात्रीवर समाधान मानायचे का?

आवाजाचेच म्हणाल तर काणकोणला पाळोळ्याच्या किनाऱ्यावर लोक कानाला हेडफोन लावून नाचतात. दहानंतर बाहेर अक्षरशः समुद्राचा आवाज ऐकू येतो. उपाय शोधायचे ठरवले तर सापडतात.

खाडीकाठ (तारकर्ली)

तुमच्या बहिणीच्या उदाहरणावर माझ्याकडे उत्तर नाही. मला स्वतःला या किनाऱ्यावर लग्न होऊन अठरा वर्षे झाली आणि रात्री एकटीने वाळूवर बसल्याचे आठवत नाही. हे लिहिताना मला त्रास होतो आहे.

पण हेडफोन लावून नाचणारा माणूस हेडफोन काढल्यावर मोटारसायकल सुरू करतो. ती माझ्या दारावरून जाते. त्याच्या हातची बाटलीही कुठेतरी पडते.

मुळा-मुठा (पुणे)

कोणी मला सांगेल का, की बाहेरच्या माणसाने जत्रेला गेलेले चालते का? आम्ही तीन दिवस तारकर्लीला होतो, त्यांतल्या एका रात्री जवळपास नाटक असणार असे आता वाटते, आणि आम्हाला कोणी सांगितले नाही. खोलीत दूरचित्रवाणीवरचा तोच-तो कार्यक्रम पाहत बसलो.

पायपेटी (कुडाळ)

चालते. देवळात येणाऱ्याला कोणी अडवत नाही. तुळशीचे लग्न झाले की गावोगावच्या तारखा लागतात आणि कोणत्या मंडळाचा खेळ कुठे आहे हे एसटी स्टँडवरचा रिक्षावालाही सांगतो. जाताना अंगावर घ्यायला काहीतरी न्या, कारण पौषात पहाटे गारठा असतो. पुढे बसायचे तर चप्पल बाहेर काढा. आणि गणपतीच्या प्रवेशाआधी पोहोचा, मध्येच येऊन आख्यान काय चालले आहे असे विचारू नका.

घरमालक मंडळींनी पाहुण्यांना हे सांगायला काय हरकत होती, हे मात्र मला कळत नाही.

खाडीकाठ (तारकर्ली)

हरकत होती, आणि ती सांगते. मध्यरात्री पाहुणे गाडी घेऊन अनोळखी गावच्या वाटेने गेले आणि काही झाले, तर जबाबदारी घरमालकाची धरली जाते. शिवाय खरे बोलायचे तर आम्हाला आमचीच जत्रा पाहुण्यांना दाखवावीशी वाटली नाही. ती आमची म्हणून राखली. ते बरोबर की चूक हे मी अजून ठरवू शकत नाही.

वायंगणी (वेंगुर्ला)

बंदिस्त सभागृहाला नियमात सूट आहे हे मी वर लिहिले होते, त्याचाच धागा पुढे नेते. मालवणात मामा वरेरकर नाट्यगृह आहे. नोव्हेंबर ते मे दर शनिवारी तिथे सात ते साडेनऊ दशावताराचा प्रयोग ठेवला, तर किनाऱ्यावर दिवे लागत नाहीत, पट्टीवर आवाज होत नाही आणि पाहुण्यांचे ते चार तास सुटतात.

पायपेटी (कुडाळ)

तिकीट काढून, खुर्चीत बसून, अडीच तासांत? त्याला मी दशावतार म्हणणार नाही. देव समोर नाही, पालखी नाही, पहाट नाही.

चाकरमानी (लालबाग)

काका, मुंबईत आम्ही दशावतार असाच पाहतो. तिकीट काढून, खुर्चीत बसून. तुमच्यासारखीच मंडळे येऊन तो करतात आणि प्रयोग संपल्यावर आम्ही रंगपटात जाऊन नटांच्या पाया पडतो. आमचे ते पाहणे खोटे आहे का?

पायपेटी (कुडाळ)

खोटे नाही. मुंबईच्या प्रयोगांवरच उन्हाळ्यात आमच्या मंडळाची देणी फिटतात, हेही लपवत नाही. शनिवारचा प्रयोग ठरला, तर मी वाजवायला येईन. अट एकच राहील की वेळ वाचवण्यासाठी गणपती आणि संकासूर कापायचे नाहीत. पाहुण्याला घाई असेल तर आख्यान लहान करू.

दांडी (मालवण)

साडेनऊला प्रयोग संपला. त्यानंतर माझ्या बहिणीने आणि मी कुठे बसायचे? हा प्रश्न मी पहिल्यापासून विचारतो आहे आणि प्रत्येक जण त्याला वळसा घालून पुढे जातो आहे. मला गल्ली नको, कॅसिनो नको, धूर नको. दिवे वाळूवर न पडतील असे झाकून लावलेली, बारापर्यंत उघडी असणारी, गावातल्याच चार मुलांनी चालवलेली एक जागा हवी आहे. एवढी एक मागणी तारकर्लीला का जड वाटते?

खाडीकाठ (तारकर्ली)

मालवण बाजारपेठेत अशी जागा निघाली, दाराबाहेर आवाज आला नाही, आणि पोलिसांचा फोन लागण्याआधी मालकाचा फोन लागला, तर मी विरोध करणार नाही. तुमच्या बहिणीला तिथे भेटायलाही येईन. तारकर्ली-देवबागच्या पट्टीवर मात्र, झाकलेले दिवे असोत की हेडफोन असोत, माझा विरोध राहील, आणि पुढच्या ग्रामसभेत मी तो लेखी नोंदवणार आहे.

दांडी (मालवण)

माझी आत्या देवबागला असते आणि तिच्या वाडीत जागा आहे, त्यामुळे त्या सभेत तिच्या बाजूने बोलायला मीही येणार. सभा सोमवारी ठेवा, बाकीच्या दिवशी मला सुट्टी नसते.